पर्लची चाल

आईचा हात धरून चालताना माझा वेग नेहमी चुकतो. एकतर मी तिला ओढते, नाहीतर ती ऐकवते, "एवढी काही म्हातारी झाले नाहीये मी." म्हणून पर्लची गोष्ट वाचताना मला हसूच आलं.

पिट्सबर्गमध्ये १९९८च्या सुमारास 'नर्सबॉट' प्रकल्प सुरू झाला, कार्नेगी मेलन आणि पिट्सबर्ग विद्यापीठांचे लोक त्यात होते. पहिला रोबॉट फ्लो, फ्लोरेन्स नाइटिंगेलवरून. दुसरी पर्ल. (रोबॉट 'ती' कशी, हा वेगळाच लेख होईल.) ओकमाँटच्या वृद्धनिवासात पर्ल आजीआजोबांना ठरलेल्या भेटीची आठवण करून द्यायची आणि तिथवर सोबत न्यायची. रस्ता तिला सापडायचा; अडलं ते चालण्यात. एकाच ठरावीक वेगाने निघाली की कुणाला ती फार भरभर वाटे, कुणाला रेंगाळणारी. लोक वैतागत. मग मागून येणाऱ्याच्या चालीप्रमाणे ती आपला वेग बदलू लागली. ऐकण्यातही घोळ व्हायचा. खात्री नसेल तेव्हा तिने पुन्हा विचारावं, असं गणित बसवलं गेलं. आमच्या घरात आईला पुन्हा कुणी विचारत नाही.

आईला हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "जिना उतरते का ती?"

पर्लला चाकं होती.