मॉनिटरिंग वेल म्हणजे काय?

मॉनिटरिंग वेल ही पाणी पिण्यासाठी नाही, तर तपासण्यासाठी घेतलेली बारीक बोअर.

1996 मध्ये अमेरिकेतल्या सांता मोनिका शहराने चार्नॉक भागातल्या पिण्याच्या विहिरी बंद केल्या. पाण्यात एमटीबीई सापडलं होतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं हे रसायन पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही, म्हणून लांबवर जातं. मग गळती नेमकी कुठल्या टाकीची? वरून बघून कळत नाही! त्यासाठीच भूजल सल्लागार नेमतात. एका रेषेत नसलेल्या किमान तीन बोअरमधली पाणीपातळी मोजली की प्रवाहाची दिशा समजते. नमुन्यांवरून प्रदूषण कुठवर पोचलंय तेही दिसतं. खर्च कोणाकडून वसूल करायचा, हेही यावरच ठरतं. सांता मोनिकाने तेल कंपन्यांवर दावा लावला, 2003 मध्ये समझोता झाला. कार्बन फिल्टर बसवून पाणी परत सुरू व्हायला मात्र जवळपास 15 वर्षं गेली.