चतुर्थी आकाशात ठरते

यंदा गणपती कधी, हा प्रश्न आपल्या घरांत पावसाच्या आधीच सुरू होतो. मूर्तिकाराला सांगायचे असते, पुण्या-मुंबईच्या मुलांना रजा घ्यायची असते, मंडळाला मांडवाची परवानगी काढायची असते. भिंतीवरचे कॅलेंडर उलटले की उत्तर मिळते. पण ते तिथे आले कुठून? या अंकाच्या निमित्ताने आम्ही त्याचा माग काढायचे ठरवले, कारण त्या वाटेवर आपल्या बेळगावच्या शेजारचाच एक माणूस भेटतो.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंशात्मक अंतर. चंद्र सूर्यापुढे १२ अंश गेला की एक तिथी पुरी. हे अंतर ३६ अंशांपासून ४८ अंशांपर्यंत असते, ती शुद्ध चतुर्थी. भाद्रपदात ती ज्या दिवशी मध्यान्ही असते, त्या दिवशी आपला गणपती बसतो.

चंद्र मात्र एका चालीने चालत नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळ आला की तो झपझप जातो, लांब गेला की रेंगाळतो. वर सूर्याचे आकर्षण त्याला मागेपुढे ओढते. म्हणून एखादी तिथी २० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांहून अधिक लांबते. गणितात काही घटिकांची चूक राहिली तरी चतुर्थीचा दिवस बदलू शकतो.

महाराष्ट्रात हे गणित शतकानुशतके चालले ते ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावर. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या आरंभवर्षावर तो रचला. किचकट ज्या-कोष्टकांशिवाय ग्रह काढण्याची रीत त्यांनी दिली, म्हणून गावोगावच्या जोशांनी तो आपलासा केला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाश पाहून जुन्या ग्रंथांतले आकडे तपासणारे. पुढच्या पिढ्यांनी मात्र ग्रंथ जपला आणि वर पाहणे सोडले. ग्रहाची गती केसभर चुकीची धरली तरी ती चूक वर्षागणिक साचत जाते. तीन शतकांनंतर पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे, अशी स्थिती आली.

ती दुरुस्त करायला घेतली केरो लक्ष्मण छत्रे यांनी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत उमेदवारी केलेल्या केरूनानांनी युरोपातल्या नव्या वेधांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग. लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी.

आता आपल्या शेजारचा माणूस. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ चा, नरगुंदचा. बागलकोटला शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ हा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. गुरू शनीला ओढतो, शनी गुरूला ओढतो, अशा परस्पर आकर्षणांचा हिशेबही त्यात धरला, तोही आपल्या पंचांगकर्त्यांना वापरता येईल अशा पद्धतीने. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे ग्रह असावेत असे मांडले. त्यांतल्या एकाचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे सांगितला. १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्लूटो सापडला : अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे. प्लूटो केतकरांच्या गणितावरून शोधला गेला नाही, तो छायाचित्रे ताडून सापडला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण बागलकोटच्या एका शिक्षकाची नजर कुठवर पोचली होती, हे त्यावरून कळते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले.

गणित सुधारले तरी वाद मिटला नाही. राशिचक्राचा आरंभ कुठे मानायचा? केतकरांनी चित्रा ताऱ्यासमोरचा बिंदू धरला, तर टिळक पंचांगाने रेवती तारा. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणून संक्रांती सुमारे चार दिवसांनी वेगळी. त्यामुळे कधी कधी अधिक महिनाही वेगळा येतो, आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांचा गणपती एखाद्या वर्षी इतरांच्या महिनाभर आधी बसतो. यात कोणाची श्रद्धा कमी नाही, मोजण्याची सुरुवात वेगळी आहे. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग-सुधारणा समितीने चित्रापक्षच स्वीकारला.

आपण परंपरा सांभाळणारी माणसे. मराठी मुलखाच्या कडेला राहून पिढ्यान्‌पिढ्या सण, भाषा, आरत्या टिकवल्या, याचा आम्हांला अभिमान आहे. पण केशव दैवज्ञांपासून केतकरांपर्यंतची परंपरा नुसती जपण्याची नव्हती, ताडून पाहण्याचीही होती. मांडवात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांना बाहेर न्या आणि पश्चिमेला चंद्र दाखवा. चतुर्थीला त्याच्याकडे पाहायचे नसते, हे खरे, पण पंचमी-षष्ठीला काहीच हरकत नाही. रोज १२ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीहून थोडे अधिक, तो सूर्यापासून दूर सरकलेला दिसेल. आपल्या बाप्पाची तारीख तिथे लिहिलेली आहे.