रुईवरचा नाकतोडा

१४. ही टीप ज्या मजकुरावर आहे, त्यात मुलांनी डिवचलेला ‘पिवळा-निळा किडा’ म्हणजे रुईवरचा रंगीत नाकतोडा (पोइकिलोसेरस पिक्टस). फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. भारत आणि पाकिस्तानातल्या कोरड्या मुलखात, पडीक माळावर, रस्त्याच्या कडेला, जिथे रुई माजते तिथे तो सापडतो. मादी अंडी जमिनीत घालते.

शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, ती हीच रुई. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात, म्हणून शेळ्यामेंढ्याही सहसा तिला तोंड लावत नाहीत. हा नाकतोडा मात्र तीच पाने खातो आणि ते विष अंगात साठवतो. मग लपायचे कशाला? भडक रंग मिरवत तो उघड्यावर बसतो; पाखरांना तो इशारा पुरतो.

त्या मजकुरात किड्याला डिवचल्यावर मुलाच्या हातावर उडालेली चिळकांडी ही लेखकाची कल्पना नव्हे. पंख न फुटलेले पिल्लू चिमटीत धरले, की पोटाच्या वरच्या बाजूच्या छिद्रातून द्रवाची धार सोडते. ती दोन इंचांहूनही लांब जाते.

पिकांवर धाडी घालणारे वाळवंटी टोळ वेगळे. त्यांचा मजकुरातल्या या प्रसंगाशी संबंध नाही.