नवं विमान कुणाच्या पदरात? अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्स छोटी जेट कशी वाटतात

अमेरिकेत शिकायला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा, प्रवासाचा शेवटचा टप्पा साधारण सारखाच असतो. मुंबईहून मोठ्या विमानाने शिकागो किंवा न्यूयॉर्क, आणि तिथून पुढे कॉलेजच्या गावाला जायला एक बारकं जेट. दोन्ही बाजूला दोन-दोन सीट, मधली सीट नाहीच. विमानावर रंग अमेरिकन, डेल्टा नाहीतर युनायटेडचा. पण तिकीट नीट वाचलं तर बारीक अक्षरात भलतंच नाव दिसतं : ऑपरेटेड बाय एन्व्हॉय, एंडेव्हर, स्कायवेस्ट, रिपब्लिक.

म्हणजे रंग एकाचा आणि पायलट, केबिन क्रू, मेकॅनिक दुसऱ्याच कंपनीचे. या दुसऱ्या कंपन्यांना म्हणतात रीजनल किंवा फीडर एअरलाइन. छोट्या शहरांतले प्रवासी गोळा करायचे आणि मोठ्या विमानतळावर आणून सोडायचे, एवढंच त्यांचं काम. 'अमेरिकन ईगल', 'डेल्टा कनेक्शन' आणि 'युनायटेड एक्सप्रेस' ही नुसती पाटी आहे. त्या पाटीमागे अनेक कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करत असतात.

आता मोठ्या एअरलाइनने पन्नास-साठ नवी छोटी जेट मागवली, तर ती यातल्या कुठल्या कंपनीला मिळतात? ऐकायला कारकुनी वाटणाऱ्या या प्रश्नावर हजारो लोकांच्या नोकऱ्या लटकलेल्या असतात.

बेस्टच्या भाड्याच्या बससारखं

आधी पैशाचं गणित. मुंबईत बेस्टच्या वेट लीजवर चालणाऱ्या बस आठवा. बसवर नाव बेस्टचं, तिकिटाचे पैसे बेस्टला. बस, ड्रायव्हर आणि देखभाल मात्र कंत्राटदाराची, आणि त्याला पैसे किलोमीटरच्या हिशोबाने.

अमेरिकेतल्या बहुतेक रीजनल विमानांचं असंच आहे. या कराराला म्हणतात कपॅसिटी पर्चेस अ‍ॅग्रीमेंट. कुठे उडायचं, किती वाजता उडायचं, तिकीट कितीला विकायचं हे सगळं मोठी एअरलाइन ठरवते. इंधनाचा खर्चही तीच उचलते. रीजनल कंपनीला प्रत्येक उड्डाणाचे आणि उडालेल्या तासांचे ठरलेले पैसे मिळतात. विमान भरलेलं असो की रिकामं, तिला फरक पडत नाही.

जोखीम कमी म्हणून हा धंदा सोपा वाटेल. पण ज्याला तिकिटाचा दर ठरवता येत नाही आणि मार्गही निवडता येत नाही, त्याच्या हातात उरतं काय? फक्त खर्च. त्यात विमानं साधारण सगळ्यांकडे तीच, एम्ब्रेयरची ई-१७५ नाहीतर बॉम्बार्डियरची सीआरजे. इंजिनाचे सुटे भाग कुणालाच फुकट मिळत नाहीत. मग खर्चात फरक येतो तो मुख्यतः माणसांच्या पगारात.

७६ सीटची लक्ष्मणरेषा

मोठी एअरलाइन ही विमानं स्वतःच का उडवत नाही? कारण तिचे पायलट महाग आहेत. मग सगळीच विमानं स्वस्त कंपन्यांना का देत नाही? तर तिचे पायलट ते होऊ देत नाहीत.

मोठ्या एअरलाइनचा तिच्या पायलट युनियनशी जो करार असतो, त्यात 'स्कोप क्लॉज' नावाचं कलम असतं. बाहेरच्या कंपनीकडून किती मोठी आणि किती विमानं उडवून घ्यायची, याची मर्यादा त्यात लिहिलेली असते. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड तिघींकडे ही रेषा ७६ सीट आणि ८६ हजार पौंड वजनावर, म्हणजे साधारण ३९ टनांवर आहे. ई-१७५ मध्ये ८८ सीट बसतात, तरी अमेरिकेत त्यात ७६ च्या वर सीट दिसत नाहीत, त्या यामुळे.

या कलमाने अख्खी विमानं अडवून ठेवली आहेत. एम्ब्रेयरने ई-१७५ ची नवी, कमी इंधन खाणारी 'ई-२' आवृत्ती काढली. पण नव्या इंजिनांमुळे ती ३९ टनांच्या वर गेली. पायलट युनियन रेषा हलवतील या आशेवर कंपनी थांबली, रेषा हलली नाही, आणि त्या विमानाचं काम बासनात गेलं. अमेरिकेतल्या एअरलाइन्स आजही आधीच्या पिढीचं ई-१७५ नवंकोरं विकत घेतात.

युनायटेडने तर २०१९ मध्ये वेगळीच शक्कल लढवली. ७० सीटच्या सीआरजे-७०० मधल्या सीट काढून तिच्या ५० केल्या, त्यात १० फर्स्ट क्लासच्या ठेवल्या आणि नाव दिलं सीआरजे-५५०. मोठ्या विमानांचा कोटा संपत आला होता, ५० सीटवाल्यांच्या खात्यात जागा होती. ही विमानं गोजेट नावाच्या कंपनीला मिळाली. सीट कमी केल्यावर प्रवासी खूश झाले, ही त्यातली गंमत.

थोडक्यात, मोठ्या जेटचा कोटा मोजका असतो. म्हणून एका कंपनीला मिळालेलं ७६ सीटचं विमान हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी न मिळालेलं विमान असतं.

गाजर दिसतं कसं

इथून खरा खेळ सुरू होतो. त्यासाठी पायलटच्या नोकरीची एक गोष्ट माहीत हवी. अमेरिकन एअरलाइन्समध्ये पगार, सुट्ट्या, कुठल्या शहरात ड्युटी, कॅप्टनपद, सगळं सीनियॉरिटी नंबरवर चालतं. आणि हा नंबर कंपनी बदलली की शून्य होतो. वीस वर्षं उडवलेला कॅप्टनही दुसऱ्या कंपनीत गेला की सगळ्यात खालच्या नंबरवर लागतो.

त्यामुळे ज्या कंपनीला नवी विमानं मिळतात, तिथे भरती होते, फर्स्ट ऑफिसर लवकर कॅप्टन होतात, आणि खालच्या पायरीवर नवे लोक आल्याने सरासरी पगार कमीच राहतो. पगार कमी म्हणून पुढचं कंत्राटही तिलाच मिळण्याची शक्यता वाढते. ज्या कंपनीची विमानं काढून घेतली जातात, तिथे उलटं. कपात नेहमी खालून होते, जास्त पगाराचे जुने लोक राहतात, सरासरी खर्च वाढतो आणि कंपनी आणखी महाग ठरते. एकदा घसरण लागली की थांबवणं अवघड.

मोठ्या एअरलाइन्सना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून विमानं आधी मागवली जातात आणि मग रीजनल कंपन्यांच्या पायलटांना सांगितलं जातं की, पगारवाढ गोठवा, विमानं तुमची. नाही म्हणालात तर शेजारी तयार आहे. युनियनवाले याला 'व्हिपसॉइंग' म्हणतात. आपल्याकडे याला भावाभावांत लावून देणं म्हणतात.

अमेरिकन ईगलच्या घरात घडलेलं

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१३-१४ चं. अमेरिकन एअरलाइन्स दिवाळखोरीतून बाहेर पडत होती आणि यूएस एअरवेजशी तिचं विलीनीकरण होत होतं. डिसेंबर २०१३ मध्ये नव्या कंपनीने ६० ई-१७५ आणि ३० सीआरजे-९०० ची ऑर्डर जाहीर केली.

३० सीआरजे गेली पीएसएला. पीएसए ही अमेरिकनच्याच मालकीची रीजनल कंपनी, आणि तिच्या पायलटांनी काही महिने आधीच सवलतींचा करार मान्य केला होता. ६० ई-१७५ चं गाजर दाखवलं गेलं दुसऱ्या घरच्या कंपनीला, अमेरिकन ईगल एअरलाइन्सला. हीच कंपनी २०१४ मध्ये एन्व्हॉय झाली. अट तीच : पगाराच्या बाबतीत माघार घ्या.

एन्व्हॉयच्या पायलटांनी दिवाळखोरीच्या काळात आधीच एकदा सवलती दिल्या होत्या. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी मार्च २०१४ मध्ये मतदान करून मोठ्या बहुमताने करार फेटाळला. व्यवस्थापनाने मग बोलल्याप्रमाणे केलं. ६० पैकी २० विमानं कंपास एअरलाइन्स या बाहेरच्या कंपनीला दिली. एन्व्हॉयची विमानं कमी होत जाणार, हे दिसू लागलं.

वर्षाच्या शेवटी दोन्ही बाजू पुन्हा बसल्या. तोवर रीजनल कंपन्यांना पायलट मिळेनासे झाले होते, त्यामुळे व्यवस्थापनालाही ताणून धरणं परवडणारं नव्हतं. नव्या करारात उरलेली ४० ई-१७५ एन्व्हॉयला मिळाली, आणि त्यासोबत एन्व्हॉयच्या पायलटांना पुढे थेट अमेरिकन एअरलाइन्समध्ये जाण्याची वाटही पक्की झाली. पायलटांना ही वाट विमानांपेक्षा जास्त मोलाची होती.

आणि कंपास? २०२० मध्ये डेल्टा आणि अमेरिकन दोघींचं काम हातातून गेलं, त्यात कोविड आला, आणि एप्रिलमध्ये कंपनी बंद पडली. अमेरिकनची ती २० विमानं गेली एन्व्हॉयकडे. सहा वर्षांपूर्वी ज्यांना ती नाकारली, त्यांच्याचकडे. कंपासच्या पायलटांचे सीनियॉरिटी नंबर मात्र कंपनीबरोबरच संपले.

डेल्टाच्या घरी याच सुमारास असंच काही घडत होतं. पिनॅकल ही मेम्फिसची रीजनल कंपनी एप्रिल २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या पायलटांनी पगारकपात मान्य केली, त्या बदल्यात डेल्टाने ४० नव्या सीआरजे-९०० तिला दिल्या आणि २०१३ मध्ये कंपनीच ताब्यात घेतली. आजची एंडेव्हर एअर ती हीच. पण घरची कंपनी असणं म्हणजे अभय नव्हे. सिनसिनाटीची कॉमएअर डेल्टाच्याच मालकीची होती, छोट्या जेटचा जमाना अमेरिकेत तिने सुरू केला. २००१ मध्ये तिच्या पायलटांनी ८९ दिवस संप करून चांगला पगार मिळवला. पुढे विमानं एकेक करून कमी होत गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये डेल्टाने ती बंद केली.

फक्त पगारच बघतात का?

नाही. विमान विकत कोण घेणार, हाही मोठा मुद्दा असतो. एन्व्हॉयसारख्या घरच्या कंपनीला विमान मोठी एअरलाइन घेऊन देते. युटातली स्कायवेस्ट मात्र अनेकदा स्वतःच्या पैशाने विमानं घेते आणि दहा-बारा वर्षांच्या करारावर उडवते. ज्या एअरलाइनला डोक्यावर नवं कर्ज नको असतं, तिला हे सोयीचं पडतं.

मग देखभालीचे तळ कुठे आहेत, उड्डाणं किती वेळा रद्द होतात, कंपनीचे हिशोब बरे आहेत का, हेही पाहिलं जातं. आणि सगळी विमानं एकाच कंपनीला सहसा देत नाहीत. एका कंपनीत संप झाला तर अर्धा देश अडायला नको, आणि भाव करायला दुसरी कंपनी हाताशी हवी.

मग पारडं फिरलं

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचं फ्लाइट ३४०७ कोसळलं. जमिनीवरच्या एका माणसासह ५० जण गेले. विमानावर नाव कॉन्टिनेंटल कनेक्शनचं होतं. कोल्गन ही पिनॅकलच्याच मालकीची होती. चौकशीत रीजनल पायलटांचं प्रशिक्षण, थकवा आणि तुटपुंजा पगार सगळंच चव्हाट्यावर आलं. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला, कायदा बदलला, आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. आधी २५० तासांवर भागत होतं.

तासाला पंचवीस डॉलरच्या आसपास पगारासाठी १५०० तास जमवायला कोण तयार होणार? पायलट आटले. फेब्रुवारी २०१६ मध्ये रिपब्लिक एअरवेज दिवाळखोरीत गेली, तेव्हा पायलटांचा तुटवडा हे तिने दिलेलं एक मोठं कारण होतं. कोविडनंतर मोठ्या एअरलाइन्सनी धडाक्यात भरती केली आणि रीजनल कंपन्यांमधले कॅप्टन उचलून नेले. विमानं उभी, कॅप्टन नाहीत, अशी अवस्था आली. जून २०२२ मध्ये अमेरिकनने आपल्या घरच्या तिन्ही कंपन्यांत, म्हणजे एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमाँटमध्ये पगार झटक्यात वाढवला. नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर.

आठ वर्षांपूर्वी ज्यांना पगार गोठवायला सांगितलं होतं, त्यांनाच आता न मागता वाढ मिळत होती. विमान कुणाला द्यायचं याचा पहिला निकषही बदलला : ते उडवायला कॅप्टन कुणाकडे आहेत?

सध्या काय चाललंय

मार्च २०२४ मध्ये अमेरिकनने ९० ई-१७५ मागवली, ती घरच्याच कंपन्यांसाठी. स्कायवेस्टने जून २०२५ मध्ये पॅरिस एअर शोमध्ये ६० ई-१७५ ची ऑर्डर दिली, आणि त्यातल्या बऱ्याच विमानांवर कुठल्या एअरलाइनचा रंग लागणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. ही कंपनी युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का चौघींसाठी उडते. त्यामुळे ती विमानं आधी घेऊन मग गिऱ्हाईक ठरवू शकते. एकेकाळी एअरलाइन विमान दाखवायची आणि रीजनल कंपन्या रांगेत उभ्या राहायच्या.

हेच ई-१७५ महाराष्ट्रातही येतं. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर ते उडवते. पण ती कुणाची फीडर नाही. रंग, तिकीट आणि मार्ग तिचे स्वतःचे आहेत, आणि विमान रिकामं गेलं तर तोटाही तिचाच.