राजा आधी, प्यादं मागून : देशी बुद्धिबळातली अखेरची चाल

आपण तुळजापुरात बोलतोय. इथल्या भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळायला यायची, अशी आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. सारीपाटात दान पडावं लागतं. आज आपण बिनदानाच्या पटाकडे वळू आणि त्यातही डावाच्या शेवटाकडे, जिथे फक्त राजे आणि प्यादी उरतात.

डाव भरात असताना राजा लपून बसतो. वजीर, हत्ती गेले की तोच पुढे निघतो. समजा, राजाच्या पट्टीत आपलं प्यादं पाचव्या ओळीत आहे, आपला राजा त्याच्या पुढे सहाव्या ओळीत आणि समोरचा राजा त्याच पट्टीत आठव्या ओळीत. दोघांमध्ये एकच घर. खेळी त्याची असेल तर त्याला बाजूला व्हावंच लागतं. मग आपला राजा दुसऱ्या बाजूनं आत शिरतो. आणि खेळी आपली असेल तर? आपण राजा एक घर बाजूला घ्यायचा. तो पुन्हा समोर येईल. मग प्यादं एक घर सरकवायचं, की खेळीचं ओझं परत त्याच्यावर! पण प्यादं सहाव्या ओळीत पुढे आणि राजा त्याच्या मागे राहिला, तर समोरचा नीट खेळून बरोबरी करतो. म्हणून राजा आधी, प्यादं मागून.

आता जुन्या देशी नियमांनी हीच मांडणी बघा. समोर एकटा राजा उरला की त्याला बुर्जी म्हणत आणि बऱ्याच ठिकाणी तो पूर्ण विजय धरत नसत. म्हणजे आपण आत्ता जिंकलेला डाव तिथे आधीच हातचा गेलेला! खरं जिंकायचं तर समोरच्याचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवायचं, ते वजीर होऊ द्यायचं नाही आणि तरी मात करायची. त्यातही प्याद्यानं केलेली मात, म्हणजे प्यादेमात, मानाची. शिवाय प्यादं ज्या पट्टीत शेवटी पोचेल त्या पट्टीचं मोहरं व्हायचं. घोड्याच्या पट्टीत घोडाच. त्यामुळे कुठलं प्यादं राखायचं हे राजाला आधीपासून ठरवून चालावं लागे.

हे ज्ञान कागदावरही आलं. तिरुवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी रूप 1814 साली मुंबईत छापलं गेलं. त्यातल्या मांडण्या युरोपी पद्धतीला जुळवून दिल्या होत्या. पुढे पंजाबचा सुलतान खान हा देशी खेळात वाढलेला माणूस विलायतेत गेला आणि 1929, 1932 व 1933 ची ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकला. डावाचा शेवट हीच त्याची मोठी ताकद मानली जाते. आम्हाला यात नवल वाटत नाही.

आज सगळीकडे एकच नियम आहेत, ते बरंच झालं. त्याशिवाय जगाशी खेळता आलं नसतं. पण देशी नियम गावोगाव वेगळे होते आणि त्यातले बरेचसे तोंडीच चालत आले. घरात कुणी जुनं खेळणारं असेल, तर त्यांच्यासमोर पट मांडा. बुर्जी कशाला म्हणायचे, प्यादं कशाचं काय व्हायचं, हे विचारा आणि लिहून ठेवा. ती माणसं गेली की तो डावही जाईल.