गाडीचं तोंड: रेडिएटरपुढच्या जाळीची गोष्ट

आजचा विषय गाडीच्या अगदी तोंडावरचा. रेडिएटरपुढची जाळी, म्हणजे आपण ज्याला ग्रिल म्हणतो ते.

गारगोटीत जुनी जीप नवी नाही. पाटगाव, कडगाव, आजरा, कुठंही जायचं तर वडाप होतंच. या गाड्यांची एक गंमत बघा. इंजिन टिकतं, चासी टिकते, पण जाळी जाते. दगड लागतो, गंज धरतो, कुणीतरी मागं घेताना ठोकतो. मग मालक गाडी घेऊन फॅब्रिकेशनच्या दुकानात येतो. जिथं खिडक्यांचं ग्रिल बनतं, तिथंच गाडीचंही बनतं. शहरातला शौकीन म्हणतो, "हे काय ओरिजिनल नाही!" आता या वाक्याकडं जरा इतिहासातून बघू.

१९४१च्या अखेरीस अमेरिकेत विलीज कंपनीची लष्करी जीप बाहेर पडू लागली. पहिल्या सुमारे २५,००० गाड्यांची जाळी कशी होती? लोखंडी पट्ट्या कापून, उभ्या लावून, वेल्डिंग केलेली. म्हणजे आपल्या खिडकीच्या ग्रिलचंच काम. मग फोर्डनं त्याच जीपसाठी एकाच पत्र्यातून प्रेसवर दाबून काढलेली नऊ फटींची जाळी आणली. ती हलकी आणि स्वस्त होती, म्हणून १९४२मध्ये विलीजनंही तीच घेतली. युद्ध संपल्यावर १९४५मध्ये शेतकऱ्यांसाठी जीप आली, तिचे दिवे मोठे झाले आणि फटी सातच राहिल्या. हेच तोंड पुढं महिंद्राच्या जीपमधून आपल्याकडं आलं. या तोंडाची किंमत किती, ते २०१८मध्ये कळलं. महिंद्राच्या 'रॉक्सर'विरुद्ध जीपच्या मालक कंपनीनं अमेरिकेत तक्रार केली आणि शेवटी महिंद्राला पुढचा चेहरा बदलावा लागला.

तर मुद्दा असा, की प्रेसची जाळी हजारो नगांसाठी परवडते. एकच नग करायचा तर पट्टी आणि वेल्डिंग हाच शहाणा मार्ग.

अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्या पोरांनी हेच केलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर ही पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. १९३२ची व्ही-एट फोर्ड त्यांची लाडकी. तिच्या जाळीचे दोन भाग: बाहेरची चौकट आणि आत बसणारी उभ्या सळ्यांची जाळी. गाडी बुटकी दिसावी म्हणून चौकट कापली, की मूळ जाळी बसेना. मग आतली जाळी घरीच करायची.

करायची कशी? आधी पुठ्ठ्याचा साचा काढायचा. जुनी चौकट दोन्ही बाजूंनी सारखी असेल असं धरून चालायचं नाही, दोन्हीकडून माप घ्यायचं. पट्टी नेहमी कडेवर उभी, वाऱ्याला धार दाखवून. त्यानं मजबुती मिळते आणि हवाही कमी अडते. आधी सगळीकडं टॅक मारून घ्यायचे, एकदा इकडं, एकदा तिकडं. एकाच बाजूनं वेल्डिंग ओढलं की जाळी पिळवटलीच म्हणून समजा. मग ग्राइंडर, रेड ऑक्साइड, रंग.

आणि हवा विसरायची नाही. भरलेली जीप घाट चढते तेव्हा वेग कमी, इंजिनवर ताण जास्त. समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. अशा वेळी दिसायला छान म्हणून बारीक भोकांची गच्च जाळी बसवली, तर अर्ध्या घाटात पाणी उकळतं.

हाताची ही कारागिरी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९मध्ये स्वतःच्या हिमतीवर दोन माणसांची छोटी मोटार बनवली. ती 'मीरा'. पुढं वीसेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. कारखान्यातून ती कधी बाहेर पडली नाही, पण रस्त्यावर धावली. आणि इथं गारगोटीत १९५२ साली जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. तिथं ग्रामीण अभियांत्रिकीचं शिक्षण सुरू झालं, ते हे हुन्नर गावात राहावं म्हणूनच ना?

आता कायद्याचं. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. अट एकच मोठी: गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे कापाकापी केलेल्या हॉट रॉडला तिथं जागा नाही.

म्हणून जुन्या गाडीवाल्यांना एवढंच सांगणं. जाळी घरी करा, गावच्या मिस्त्रीकडून करा, बिनधास्त करा. पण मूळ चौकटीला वेल्डिंग लावू नका, जुन्याच भोकांत नट-बोल्टनं बसवा. आणि काढलेली जाळी भंगारात घालू नका. पोत्यात का होईना, जपून ठेवा. गावच्या मिस्त्रीचं काम आणि कंपनीचं काम, दोन्ही त्या गाडीचा इतिहासच आहे.

तुमच्या गावात अशी हातानं केलेली जाळी असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.