चाळीस पावलं

शिपाईमामा रुळाच्या तुकड्यावर हातोडा घालतात आणि त्या ठणठणाटात तुम्ही येऊन पोहोचता. शुक्रवार, 17 नोव्हेंबर 1989. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं हायस्कूल. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली आहे. समोरच्या भिंतीवर गेरूने निवडणुकीच्या घोषणा रंगवल्यात, कारण पुढच्या आठवड्यात लोकसभेचं मतदान आहे. फाटकाशी एक आजी चिंचा-आवळ्यांची पाटी घेऊन बसली आहे. प्रतिज्ञा संपली, रांगा वळल्या, धुळीत शेकडो चपलांचे ठसे उरले.

तुम्ही कुणाला दिसत नाही, तेव्हा कुठंही फिरा. पण आधी माझ्याबरोबर चला. ही माझी शाळा. तिचं नाव सांगणार नाही, कारण जे दाखवायचंय ते त्या काळी गावोगावच्या शाळांत चालत होतं, आणि माझ्या शाळेवर माझं प्रेमही आहे.

जिना चढून आलात की डाव्या हाताला सन्मान फलक दिसतो. काळ्या फळीवर पांढऱ्या तैलरंगात नावं. चौथीची शिष्यवृत्ती, सातवीची शिष्यवृत्ती, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेले दोघं. फलकाला लागून ऑफिस, ऑफिसला लागून दहावी अ. मग ब, मग क. व्हरांड्याच्या टोकाला, जिथून सायकल स्टँड आणि मुताऱ्या सुरू होतात, तिथं दहावी ड. अ च्या दारापासून ड च्या दारापर्यंत 40 पावलं. मी ती मोजलेली आहेत.

आधी अ मध्ये शिरा. मागे उभे राहा.

इथली शांतता नीट ऐका. ती भीतीची नाही, तयारीची आहे. सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं, समास आखलेले, तारखा घातलेल्या. या मुलांचा जादा तास सकाळी आठलाच होऊन गेला. जादा तास खरं तर सगळ्या दहावीसाठी आहे, पण वाड्यावस्त्यांवरून येणारी एसटी साडेदहाशिवाय गावात पोहोचत नाही, म्हणून तो आपोआप या वर्गाचा झाला. या वर्गाला पूर्ण संस्कृत आहे, 100 गुणांचं. ब आणि क ला संयुक्त, 50 हिंदीचे आणि 50 संस्कृतचे. ड ला संस्कृत नाहीच. हजेरी सुरू होते. आडनावं कानावर येऊ द्या. डॉक्टरांची, वकिलांची, बँकेतल्या साहेबांची, मास्तरांची मुलं. दुपारी ड ची हजेरी ऐकाल तेव्हा तुम्हाला कळेल की पाटी न वाचताही, नुसत्या आडनावांवरून वर्ग ओळखता येतो. तुकड्या मार्कांवर पाडल्या असं शाळा म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. पण मार्क कुठल्या घरात किती सहज पिकतात हे हजेरीपट रोज सांगत होता.

सर येतात. भूमितीचा तास. मुलं उठतात, बसतात. सर उत्साहात आहेत. या वर्गात त्यांचा आवाज नेहमी एक पट्टी वर असतो. पायथागोरसचं प्रमेय काल झालं, आज त्याचा व्यत्यास. प्रश्न पुरता व्हायच्या आत आठ हात वर. मधल्या ओळीतला एक मुलगा सरांच्या वाक्यावर संस्कृतात कोटी करतो. वर्ग हसतो, सरही हसतात. “खोडकर आहेस,” म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

आता तिसऱ्या बाकाकडे या. ती निळ्या फितीच्या दोन वेण्यांची मुलगी. सहामाहीत वर्गात सातवी आली होती. घरी विचारलं गेलं, सहा जण पुढे कसे गेले? तिच्या वहीत विधान, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता सगळं सुवाच्य उतरलं आहे. पण तिची पेन्सिल समासात थांबली आहे. अगदी जवळ वाका. ती बारीक अक्षरात लिहिते: ‘मग व्यत्यास कशाला?’ काटकोन असेल तर कर्णाचा वर्ग बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका, हे तिला पटलंय. तेच उलटं फिरवून पुन्हा सिद्ध का करायचं, हे तिला कळत नाही. कळत नाही हे तिला नेमकं माहीत आहे, आणि शिकण्यातली ही फार मोलाची जागा असते. ती सरांकडे बघते. हात बाकावरून चार बोटं वर उचलते. मग खोडरबराने समासातलं वाक्य पुसते आणि रबराचा चुरा फुंकरीने उडवते.

का नाही विचारलं? जून महिन्यात एकाने विचारलं होतं, “सर, मला नाही समजलं.” कुणी हसलं नाही, सर रागावले नाहीत. फक्त सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघत राहिला. तेवढं पुरलं. या वर्गात प्रश्न विचारतात, खूप विचारतात, पण आपल्याला किती येतं हे दाखवणारे. शेजारणीने डोकावू नये म्हणून इथं उत्तरावर तळहात आडवा धरतात. मी याच वर्गात तीन वर्षं बसलो. माझाही तळहात असाच आडवा असायचा.

मधली सुट्टी. अ ची मुलं वर्गातच डबे उघडतात, पोळी-भाजी खाता खाता प्रज्ञाशोध परीक्षेच्या पुस्तकाची पानं उलटतात. तुम्ही मैदानात उतरा. कडुलिंबाखाली ड ची पोरं गोल बसलीत. चार फडक्यांतल्या भाकरी मध्यावर आल्या, ठेच्याचा गोळा फिरला, ज्याने काही आणलं नाही त्याला कुणी विचारलंही नाही, नुसती भाकरी पुढे सरकली. विषय एकच: परवा कराचीत कसोटी सुरू झाली आणि त्यात 16 वर्षांचा एक मुंबईचा मुलगा भारताकडून उतरलाय. या पोरांपेक्षा जेमतेम वर्षा-दीड वर्षाने मोठा. “आपल्या वयाचा हाय रं!” एक जण दहाव्यांदा म्हणतो आणि बाकीचे दहाव्यांदा आनंदतात.

या मायेवर मी जीव टाकायचो, दुरून. ती खरी होती. पण तिच्यामुळे व्हरांड्यातली 40 पावलं माफ होत नाहीत, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

घंटा झाली. आता ती पावलं चाला. ब ओलांडा, क ओलांडा. मुताऱ्यांचा वास सुरू होतो तिथं वर्ग आहे. 60 च्या वर मुलं, एका बाकावर तिघं, खिडकीचं एक दार दोरीने बांधलेलं. बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं, त्यावर पुढच्या वर्षीच्या मुलांनी कोरलेली नावं.

तेच सर येतात. तोच विषय, तोच खडू. पण आवाज ऐका: दोन पट्ट्या खाली. सर खुर्चीत बसतात. या माणसाला वाईट समजू नका. सकाळी आठपासून ते उभे आहेत. याच वर्गातल्या एका मुलाची बोर्डाची फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली, हे मला फार उशिरा कळलं. पण या वर्गाकडून काय अपेक्षा करायची हे त्यांनी जूनमध्येच ठरवून टाकलंय. “हे प्रमेय महत्त्वाचं. पाठ करा. काहीच आलं नाही तर पक्ष आणि साध्य लिहा, त्याचे मार्क पडतात. आपल्याला पस्तीस टक्के गाठायचेत. व्यत्यास ऑप्शनला टाका.”

व्यत्यास ऑप्शनला गेला.

अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी एका शाळेत केलेला प्रयोग मी पुढे वाचला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1968 साली आलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, ही यंदा झेप घेणार आहेत. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची बुद्धिमापनातली वाढ इतरांपेक्षा जास्त दिसली. परिणाम किती मोठा यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण ते वाचताना मला सरांच्या आवाजाच्या त्या दोन पट्ट्या आठवल्या.

खिडकीशी, पाचव्या बाकावर बघा. तो मुलगा. तळव्यांना सिमेंटने पडलेल्या भेगा आहेत. वडील गवंडी, शाळा सुटली की हाही कामावर जातो. सर उठून फळ्यावर हाताने त्रिकोण काढतात. मुलगा मान तिरकी करतो, एक डोळा मिटतो, पुन्हा बघतो. फळ्यावरचा काटकोन काटकोन नाही, थोडा फाकलाय. ते त्याला पट्टी न लावता दिसलं. शेजाऱ्याला कुजबुजतो, “गुण्या बसत न्हाई त्यात.” शेजारी फिसकन हसतो.

“कोण बोललं? तू? फार शहाणा झालास. उर्मट कुठला! अंगठे धर.”

तो मुकाट्याने ओणवा होतो, पायांचे अंगठे धरतो. तास संपेपर्यंत तसाच. सकाळचा शब्द आठवा. तिथं तो खोडकर होता, इथं हा उर्मट. ओणव्याने दिसते तेवढ्या फरशीकडे हा बघतोय, आणि फरशीच्या सांध्यांतला काटकोन मात्र बिनचूक आहे.

आता थोडं मागे या. जून 1987, पावसाची भुरभुर. ऑफिसच्या दाराशी आठवीच्या तुकड्यांच्या याद्या खळीने चिकटवल्यात. गर्दीत तीच दोघं आहेत, दोन वर्षांनी लहान. सातवीपर्यंत नगरपालिकेच्या शाळेत एकाच वर्गात होती. ती त्याला कवितांचे अर्थ सांगायची, तो तिला गणितं तोंडी सोडवून द्यायचा. सातवीच्या वार्षिक परीक्षेआधी दोन महिने याचे वडील परगावी कामाला गेले, सगळं घर बरोबर गेलं, हाही गेला. परीक्षेपुरता परत आला. पहिले 55 अ मध्ये. ती यादीत बोट फिरवते, आधी स्वतःचं नाव, मग त्याचं. एक कागद संपतो, दुसरा, तिसरा. चौथ्या कागदावर तिचं बोट थांबतं. तो म्हणतो, “एकाच शाळेत तर हाय आपण.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात हेच तर मागितलं होतं: परिसरातल्या सगळ्या थरांतली मुलं एकाच शाळेत शिकावीत. आमच्या गावात ती शिकत होती. एकच फाटक, एकच प्रार्थना, एकच घंटा. त्यानंतरचे 40 पावलांचे हिशेब शाळेने आत केले. या दोघांचं भांडण झालं नाही, कुणी मनाईही केली नाही. आधी हसणं उरलं, मग मान हलवणं, मग तेही नाही.

आणखी एक गोष्ट दाखवायची राहिली. नववी ड मधून दहावी ड मध्ये येताना 11 मुलं गळाली. काही नापास केली गेली. काहींच्या पालकांना बोलावून सांगितलं, दाखला काढा, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. शाळेला शंभर टक्के निकाल हवा होता. सन्मान फलकाच्या पांढऱ्या अक्षरांसाठी ही किंमत कुणी मोजली, ते कुठल्याच फलकावर नाही. मला याचा आजही संताप येतो, आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही.

आजच्या शाळांत अ-ड पुसट झालेत, काही ठिकाणी तुकड्यांना फुलांची आणि नद्यांची नावं आहेत. शिष्यवृत्ती परीक्षा मधल्या काळात पाचवी-आठवीला गेली होती. पण सेमी-इंग्रजीचा वर्ग आणि नुसत्या मराठीचा वर्ग यांच्यामधून एकदा चालून बघा, पावलं मोजत.

परत नोव्हेंबरात. पाच वाजले, शाळा सुटली. ती मुलगी दप्तर लावून क्लासला निघाली. वाट नव्या वसाहतीवरून जाते. तुम्ही तिच्या मागोमाग चला. उन्हं तिरपी झालीत. एका मोकळ्या प्लॉटवर चार खुंट्या ठोकल्यात. दहावी ड चा तो मुलगा शाळेच्याच पँटीत गुडघ्यांवर बसलाय. हातात दोरी.

“धर रं नीट,” वडील म्हणतात.

तो खुंटीपासून एका दोरीवर 3 फूट मोजतो, खूण करतो. दुसऱ्या दोरीवर 4 फूट, खूण. मग टेपचं टोक पहिल्या खुणेवर धरून तिरपं दुसऱ्या खुणेपर्यंत नेतो. पाच फुटांना दोन बोटं जास्त. वडील खुंटी जराशी आत ठोकतात. पुन्हा टेप. बरोबर पाच.

“बसला काटकोन,” तो म्हणतो.

तीन बाजू जुळल्या, म्हणून कोन काटकोन. सरांनी ऑप्शनला टाकलेला व्यत्यास त्याने आत्ता जमिनीवर उतरवला आहे. रस्त्यावर ती थांबलीये, दप्तराचा पट्टा खांद्यावर सावरत. तिने पाहिलं की नाही, हे तुम्हाला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. तो मान वर करतो. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघांची नजरानजर होते. तिच्या तोंडून काहीतरी निघेल असं वाटतं. मागून सायकलवरून अ मधल्या दोघी येतात, घंटी वाजवतात, “चल गं, उशीर होतोय.”

ती निघते. तो फक्कीचं घमेलं ओढून घेतो आणि दोरीच्या कडेने पांढरी रेघ ओढू लागतो, मुठीतून चुना एकसारखा सोडत, खुंटीपासून खुंटीपर्यंत.